अठरा लिंबांचं सुतक

त्या मंगळवारी सकाळी दानीएल मास्तरांचं भांडण झालं ते बन्सीच्या घोड्याशी. माणसांशी भांडणं त्यांनी पेन्शनीत निघाल्यापासून सोडून दिलं होतं. माणसं ऐकत नाहीत, घोडा निदान कान हलवतो, असं त्यांचं मत.

"बन्सी, ह्याला सांगून ठेव. या आठवड्यातली ही तिसरी फांदी. मी मोजतोय."

"मुका जीव हाय मास्तर," टांग्याचा पट्टा आवळता आवळता बन्सी म्हणाला. "त्याला काय ठावं, कंचं झाड सरकारी अन् कंचं तुमचं."

"सरकारी एकही नाही. म्हणून तर अठराच्या अठरा उभी आहेत."

मास्तरांच्या हातात आंघोळीच्या पाण्याची बादली होती, डोक्यावर शाळेत असतानाची जुनी हॅट होती आणि अंगात नुसता गंजीफ्रॉक. खिडकीतून त्यांची मुलगी दया हे पाहत होती आणि मनातल्या मनात त्यांना सदरा घालत होती.

खडीगल्लीच्या एका टोकाला मिशनची वस्ती, दुसऱ्या टोकाला माळ्यांची आणि टांगेवाल्यांची घरं, आणि मधून लष्कराच्या मोटारी. लढाई सुरू झाल्यापासून त्या मोटारींनी नगरची धूळ उचलून घरोघर पोचती करायचं काम अंगावर घेतलं होतं. चैत्र लागला की गल्ली तव्यासारखी तापायची. सावली हवी असेल तर बन्सीच्या टांग्याखाली बसायचं. टांग्याला गिऱ्हाईक मिळालं की सावलीही स्टेशनला निघून जायची.

मास्तरांनी मिशनच्या शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. मुलांना झाड काढायला सांगायचं आणि दाखवायला खिडकीबाहेर तारेचा खांब, याचा त्यांना कंटाळा आला होता. पेन्शनीत निघाल्यावर ते एका कचेरीत अर्ज घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "लावू हो झाडं, पण मेली तर जबाबदारी कुणाची?" मास्तर अर्ज खिशात घालून परत आले. दुसऱ्या दिवशी भिंगारकडच्या एका जुन्या कडुलिंबाखाली उगवलेली रोपं टोपलीत भरून आणली आणि दारोदार वाटली. गल्लीत घरं अठरा, रोपंही अठरा. याकोब सुतारानं फळकुटांची कुंपणं ठोकून दिली. साळूबाई माळणीनं आपल्या दारच्या रोपाला हळदीकुंकू वाहिलं. लिंब म्हणजे देवीचं झाड. मास्तरांनी तिकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पाणी वापरलेलंच घालायचं, हा मास्तरांचा नियम. आंघोळीचं, भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं. नळ सकाळी दोन तास यायचा. चांगलं पाणी झाडाला घाला म्हटलं असतं तर बायांनी खड्ड्यात रोपाऐवजी मास्तरांनाच लावलं असतं. दर दिवशी तीन घरांची पाळी. घरांचे वार एका मोडक्या फळ्यावर लिहून तो गल्लीच्या तोंडाशी टांगला. रविवारी घोळ झाला. ख्रिस्ती घरं रविवारी काम करायला तयार नव्हती, तेव्हा तो वार माळ्यांकडं गेला. गल्लीतले सगळ्यांत जुने गृहस्थ कारभारी पाथर्डीकडचे. ते म्हणाले, "सुट्टी तुमच्या देवाची अन् पानी आमच्या डोईवर, बरा न्याय हाय मास्तर." म्हणाले आणि बादली उचलून चालू लागले. सुरुवातीला कुणी कुणाच्या बादलीला हात लावत नसे. ज्याची त्यानं आणायची. पण झाडं काही कुणाचं पाणी म्हणून विचारत नव्हती. पुढं पुढं बादल्यांची सरमिसळ झाली. त्यावर गल्लीत कधी कुणी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर ती सरमिसळ तिथंच थांबली असती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दया छत्तीस वर्षांची. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. पुण्याहून पार्सलानं पुस्तकं मागवायची, रात्र रात्र वाचायची. तिनं वडिलांना सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "बाबा, हा मुरूम आहे. इथं काही जगायचं नाही." सांगून ती खोलीत गेली होती. त्यानंतर त्या विषयावर तिनं तोंड उघडलं नाही. मास्तरांनीही फळ्यावर तिचं नाव लिहिलं नाही.

त्या मंगळवारी शाळा सुटल्यावर नव्यानं आलेल्या एक बाई तिच्याबरोबर निघाल्या. गल्लीच्या कोपऱ्यावरून दयाला दिसलं, मास्तर हॅट घालून, गंजीफ्रॉकवर, एका शेळीला काहीतरी समजावून सांगत उभे होते. दया म्हणाली, "इकडून जाऊ. रस्ता बरा आहे." आणि त्या दोघी भर उन्हात बाजारावरून लांबचा वळसा घालून गेल्या.

रात्री जेवताना मास्तर म्हणाले, "उन्हातून लांबच्या रस्त्यानं जाऊ नये गं. डोकं दुखतं."

दयानं भाकरीचा तुकडा मोडला.

"दुसरा उन्हाळा चालू आहे," ते आपल्याच नादात पुढं म्हणाले. "हा एक काढला की लिंबाची मुळं खाली पोचतात. मग तो आपलं आपण बघतो. पण हा निघायला हवा. यात आठ-दहा दिवस चुकलं तर संपलं."

"आणि मग तुम्ही काय करणार?"

"मग काय, सदरा घालीन," मास्तर म्हणाले आणि ताटातलं वरण भुरकून उठले.

बुधवारी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले. सात वाजले तरी बादलीचा आवाज नाही म्हणून दया आत गेली, तेव्हा हॅट खुंटीला होती आणि मास्तर भिंतीकडं तोंड करून निजले होते.

दफनाला अख्खी गल्ली आली. माळी, टांगेवाले कबरस्तानात एका बाजूला दाटीवाटीनं उभे राहिले. प्रार्थना कधी संपते आणि माती कधी टाकायची, ते याकोबकडं बघून बघून त्यांनी शिकून घेतलं. पाद्रीसाहेबांनी दयाला हलकेच विचारलं, "दोन शब्द बोलतेस का?" तिनं नकारार्थी मान हलवली. वर्गात ती तासच्या तास बोलायची. पण तिथं तिच्या तोंडात मातीच भरली होती जणू.

पुढचे दिवस माणसांच्या येण्याजाण्यात गेले. साळूबाईच्या घरून दोन्ही वेळच्या भाकरी येत. बन्सीची बायको येऊन भांडी घासून जाई. नळाचं पाणी कुणी भरून ठेवी ते कळतही नसे. दयाला काही करू देत नव्हते, आणि तिला करवतही नव्हतं.

पाचव्या दिवशी तिनं खिडकी उघडली आणि समोरच्या झाडाकडं पाहिलं. पानं खाली वळली होती. पलीकडच्याची टोकं पिवळी पडली होती. आळ्यात मातीला भेगा गेल्या होत्या. पाच दिवस कुणी थेंब घातला नव्हता.

ती खिडकीशी उभी राहिली. म्हणजे हे सगळं बाबांच्या भिडेखातर चाललं होतं तर, तिच्या मनात आलं. माणूस गेला, भीड संपली. जाऊन विचारावं, असं तिला वाटलं नाही. लोकांकडं मागणं तिला कधी जमलं नव्हतं. ते खातं बाबांचं होतं. तिनं खिडकी लावून घेतली आणि एक पुस्तक उघडलं. तासाभरानं तिच्या लक्षात आलं की पान उलटलंच नाही.

सहाव्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. अंगणातली बादली उचलून ती बाहेर आली. पहिल्या झाडापाशी वाकते न वाकते तोच साळूबाई फडक्याला हात पुसत धावत आली आणि तिनं बादलीची कडी धरली.

"बाई, आवं काय करताय?"

"पाणी घालते आहे, साळूमावशी. दुसरं कुणी घालत नाही."

"कसं घालनार? सुतक हाय न्हव का."

"कुणाला?"

साळूबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू शाळेतल्या बाईंना पाढे येत नाहीत. "गल्लीला. कारभारीबाबांनीच सांगितलं. आमच्याकडं पाटील गेला तर अख्खं गाव सुतक पाळतं म्हनाले. मास्तर काय पाटलापेक्षा कमी हुते व्हय? धा दिस. अन् लिंब तर देवीचं झाड, सुतकाच्या हातचं पानी घातलं की जळून जातंय." मग तिचा आवाज खाली आला. "आमाला काय दिसत न्हाई व्हय झाडं? रोज बघते अन् जीव तुटतो. पन मास्तरांचं सुतक मोडायचं कुनी? कुनाचं काळीज हुईल?"

दयाच्या हातून बादली सुटली नाही, पण साळूबाईनं ती अलगद काढून घेतली. आमच्यात सुतक नसतं, हे तीन शब्द दयाच्या ओठांवर आले आणि तिथंच राहिले. ते म्हणणं म्हणजे या बाईला सांगणं की तुझं माझ्या वडिलांशी नातं नाही. दोन वर्षांपूर्वी जे एकमेकांच्या बादलीला शिवत नव्हते, ते सुतक धरून बसले होते. यातून काय मोडायचं आणि कसं मोडायचं?

ती याकोबकडं गेली. याकोब रंधा मारत होता. "दादा, तुम्ही तरी पाणी घालायचं. तुम्हांला कसलं सुतक?"

"गेलो होतो गं शुक्रवारी," याकोब म्हणाला. "बादली घेऊन बाहेर पडलो तर गल्ली माझ्याकडं अशी बघायला लागली, जसा काही मी मयताला ताशा वाजवत निघालोय. आलो परत. म्हटलं, आपल्यामुळं त्यांचं मन दुखायला नको."

"आणि त्यांना वाटतं, सुतक मोडलं तर आपलं दुखेल."

"मग आता?"

"मग झाडं मरतील," दया म्हणाली आणि घरी आली.

आठव्या दिवशी शेवटच्या तीन झाडांची निम्मी पानं गळाली. नवव्या दिवशी वारा सुटला आणि ती पानं धुळीबरोबर गल्लीभर फिरली. दया दारात उभी राहून बघत होती. उद्या पाणी मिळालं तर मिळालं, नाहीतर संपलं, एवढं तिला कळत होतं. त्यासाठी पुस्तक वाचायला नको होतं.

त्याच संध्याकाळी कारभारी आले. काठी दाराला टेकवली, पायरीवरच बसले.

"बाई, उद्या दहावा. आमी मास्तरांचा पिंड ठेवावा म्हनतो. तुमच्या धर्मात बसत नसंल तर न्हाई म्हना, आमी राग धरनार न्हाई. पन सुतक फेडल्याबिगर पान्याला हात लावता येत न्हाई, अन् झाडं तर ऱ्हात न्हाईत."

"पाद्रीसाहेबांना काय सांगू, कारभारीबाबा?"

"सांगा, शेजाऱ्यांनी भात शिजवला."

दयाला नऊ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, पण ते तिनं गिळलं. "ठेवा," ती म्हणाली.

दहाव्या दिवशी सकाळी नळ आल्याबरोबर गल्लीनं बादल्या भरल्या. वापरलेल्या पाण्याचा नियम त्या दिवसापुरता बाजूला. एकेका झाडापाशी एकेक बादली ठेवली आणि सगळी माणसं रांगेनं उभी राहिली. साळूबाईनं रेशनातला राखून ठेवलेला तांदूळ शिजवला होता. गल्लीच्या मधोमध दगडावर पत्रावळ मांडली. कारभाऱ्यांनी हात जोडले आणि सगळे मागं सरकले.

कावळा आला नाही.

पाव तास गेला. ऊन चढू लागलं. एक लष्करी मोटार गेली आणि भातावर धुळीची साय धरली. साळूबाईनं ती चिमटीनं काढली.

"मास्तरांचं कायतरी ऱ्हायलं असंल मनात," कारभारी म्हणाले.

"मनातलं मागनं बघू," बन्सी म्हणाला. "आधी मला सांगा बाबा, कावळा येनार कुठनं? बसाय मोठं झाड हाय का गल्लीत? कावळे सगळे तिकडं मिशनच्या चिंचंवर. म्हनत असाल तर पिंड टांग्यात घालून न्हेतो."

"कावळ्याकडं टांग्यानं जायचं? अन् मास्तर हितं घुटमळत असले तर?"

"त्यांनाबी घेऊ की. सवारी मोकळीच हाय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बन्सीनं मग दोन्ही हात तोंडाशी धरून असा काव काव आवाज काढला की त्याचा घोडा बिथरला. याकोब, जो अधिकृतपणे तिथं नव्हता, फक्त दारात रंध्याला धार लावत होता, तोही मान खाली घालून खांदे हलवू लागला.

कावळा नाहीच. मिशनच्या चिंचेवरून दूर कुठंतरी आवाज ऐकू येत होते, पण खडीगल्लीची वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती.

कारभारी गंभीर झाले. "बोला. ज्याचं ज्याचं मास्तरांशी काय ऱ्हायलंय, त्यानं बोलावं. असंच असतंय हे."

बन्सी पुढं झाला. थोडा वेळ त्यानं पायानं धूळ उकरली. "मास्तर, घोडं मुकं हाय म्हनलो, पन त्याला झाडाकडं मीच सोडायचो. कडबा लई महागलाय. आता न्हाई सोडनार."

"मास्तर," साळूबाई म्हणाली, "भांड्याच्या राखंचं पानी घालू नका म्हनाला हुता. घालत हुते. अंधारात."

याकोबनं रंधा खाली ठेवला आणि उंबऱ्याबाहेर आला. "मास्तर, आठव्या झाडाच्या कुंपणाचं एक फळकूट मी परत काढून घेतलं. पाटाचा पाय मोडला होता." मग तो दयाकडं वळून हळूच म्हणाला, "आपल्याकडं याला कबुली म्हणतात. पाद्रीसाहेबांना आवडलं असतं."

बाकीच्यांनीही काही काही सांगितलं. कुणी आपल्या वारी झोपून राहिल्याचं, कुणी फळ्यावरचं आपलं नाव पुसून शेजाऱ्याचं लिहिल्याचं. एरवी ज्यावरून महिनाभर भांडण चाललं असतं, ते सगळे निमूट ऐकून घेत होते. पत्रावळीवरचा भात सुकत चालला होता.

नळाची धार बारीक झाली. कारभाऱ्यांनी सूर्याकडं पाहिलं, मग झाडांकडं. शेवटच्या झाडाची काठी झाली होती.

"बाई," ते म्हणाले. "आता कावळ्याची वाट बघन्यात राम न्हाई. माझं ऐका. मास्तर तुमचे वडील. तुमी बोला, काय आसंल ते. लेक बोलली की सुतक फिटलं, कावळा येवो न येवो, मी म्हनतो म्हून. मग ह्या बादल्या वतू."

अठरा बादल्यांपाशी अठरा घरं उभी होती. कुणी वाकलं होतं, कुणी कडीला हात घातला होता. सगळे तिच्याकडं बघत होते.

दयानं डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. धर्माचं काही म्हणावं, एखादं वचन, असं तिला वाटून गेलं. तिला पुष्कळ वचनं पाठ होती, कविता पाठ होत्या, दुसऱ्यांनी आपापल्या वडिलांबद्दल लिहिलेलं खूप काही पाठ होतं. यातलं एकही त्या पत्रावळीपुढं चाललं नसतं. तिथं लोकांनी फळकुटाबद्दल सांगितलं होतं, राखेच्या पाण्याबद्दल सांगितलं होतं.

ती दोन पावलं पुढं झाली. याकोबच्या दारातल्या झाडापाशी थांबली.

"बाबा," ती म्हणाली. गल्लीत इतक्या मोठ्यानं ती याआधी कधी बोलली नव्हती. "गेल्या श्रावणात या झाडाला नवी फांदी फुटली. तुम्ही मला हाका मारत होता, दया, बाहेर ये, बघ तरी. मी आतून म्हटलं, वाचते आहे. मी वाचत नव्हते. ती फांदी मी तुमच्या आधी पाहिली होती, दोन दिवस आधी. शाळेला जाताना. कुणी नाही बघून मी तिला हातही लावला होता. मला फार आनंद झाला होता, बाबा. दिवसभर शाळेत तोच होता डोक्यात. घरी आल्यावर तुम्हांला सांगायचं होतं, आणि सांगितलं नाही."